वाळूवर पाया रोवणारे अभियंते : डॉ. अयोध्यानाथ खोसला

पाणी जमिनीवरून वाहते ते सर्वांस दिसते. जमिनीच्या पोटातून वाहते ते कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. नदीस पूर आला म्हणजे सारा गाव काठावर जमतो व पूर ओसरला म्हणजे निश्चिंत होऊन घरी परततो. परंतु बंधाऱ्याच्या पायाखालून रात्रंदिवस जे पाणी झिरपत असते, त्याची वार्ता पुष्कळदा बंधारा खचल्यानंतरच लागते. या न दिसणाऱ्या पाण्याची चाल ज्यांनी मोजून दाखविली आणि पुढील बांधकामे निर्धोक व्हावीत म्हणून तिचे गणित अभियंत्यांच्या हाती दिले, त्या डॉ. अयोध्यानाथ खोसला यांचे अल्पचरित्र यंदाच्या स्मरणिकेत आम्ही ज्ञातिबंधू व भगिनींपुढे सादर करीत आहोत.

प्रस्तुत चरित्रनायक आपल्या ज्ञातीचे नव्हेत, आपल्या प्रांताचेही नव्हेत. मग ज्ञातीच्या अंकात त्यांचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वडीलधारी मंडळी विचारतील. त्यांस आमचे नम्र उत्तर असे की, आज आपल्या ज्ञातीतील घराघरांतून मुले व मुलीही अभियांत्रिकीच्या शिक्षणाकडे वळत आहेत, आणि ज्यांची घरे शेतीवर चालतात त्यांपैकी कित्येकांच्या रानांत धरणाचे पाणी खेळत आहे. ज्या विद्येवर एकांची उपजीविका व दुसऱ्यांची भाकरी अवलंबून आहे, त्या विद्येतील एका थोर पुरुषाची ओळख आपणांस असावयास हवी. शिवाय आम्ही आयुष्यभर शाळेत शिकविले. छापील पुस्तकात आहे तेच प्रमाण, असे मानणारे विद्यार्थी आम्ही पुष्कळ पाहिले. पुस्तकातील नियम स्वतः पडताळून पाहणारे फार थोडे. खोसला हे या दुसऱ्या वर्गातले होते, आणि त्यांच्या चरित्राचा खरा बोध आमच्या मते तोच आहे.

खोसला यांचा जन्म ११ डिसेंबर १८९२ रोजी पंजाबात जालंदर येथे झाला. लाहोरच्या डी. ए. व्ही. कॉलेजातील शिक्षण आटोपल्यावर ते रुडकी येथील थॉमसन सिव्हिल इंजिनियरिंग कॉलेजात दाखल झाले. गंगेच्या कालव्याच्या कामास जाणती माणसे मिळावीत या हेतूने १८४७ साली निघालेली ही संस्था त्या काळी पाटबंधाऱ्यांच्या विद्येचे माहेरघर समजली जाई. तेथील अभ्यासक्रम पुरा करून १९१६ साली ते पंजाबच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या पाटबंधारे शाखेत रुजू झाले. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांतच सतलज नदीवर भाक्रा येथे योजिलेल्या धरणाच्या पाहणीचे काम त्यांच्या वाट्यास आले. ते धरण तेव्हा केवळ कागदावर होते; प्रत्यक्ष उभे राहण्यास त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे लागली.

खोसलांचे कार्य समजण्यापूर्वी आपल्याकडील वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. सह्याद्रीच्या कुशीत व दख्खनच्या पठारावर नदीचे पात्र थोडे खणले की बहुधा काळा पाषाण लागतो व धरणाची भिंत त्या पाषाणावर बसविता येते. पंजाब आणि गंगा-यमुनेचा सपाट प्रदेश यांस हे भाग्य नाही. हिमालयातून वाहून आलेली बारीक, अभ्रकाचे कण मिसळलेली वाळू तेथे इतकी खोल साचलेली आहे की, खणून खडक हाती लागण्याची आशाच नको. तेव्हा बंधारा बांधावयाचा तो वाळूवरच. नदीच्या पात्रात आडवी रुंद फरशी घालावयाची, तिच्यावर बुटका बांध व दारे उभारावयाची, आणि चढविलेले पाणी बाजूच्या कालव्यात वळवावयाचे, अशी तेथील बंधाऱ्यांची रचना असते.

आता बंधाऱ्याच्या वरच्या अंगास पाणी उंच व खालच्या अंगास नीच असले म्हणजे ते वाट शोधणारच. वरून वाट नसेल तर ते फरशीखालच्या वाळूतून शिरते व पलीकडे जाऊन निघते. त्याने दोन प्रकारचा अपाय होतो. एक तर ते पाणी फरशीस खालून वर उचलू पाहते. फरशी पुरेशी जाड व जड नसेल तर तिला तडे जातात. दुसरा अपाय याहून भयंकर. पाणी जेथे बाहेर पडते तेथे त्याचा वेग व जोर अधिक असला तर ते वाळूचे कण आपल्याबरोबर उचलून नेते. कण गेले की पोकळी होते, पोकळीमुळे वाट आखूड होते, वाट आखूड झाली की जोर वाढतो, आणि ही पोखरण खालच्या टोकाकडून वरच्या टोकाकडे सरकत जाऊन अखेर बंधारा आत बसतो.

ही केवळ कल्पना नव्हती. चिनाब नदीवर खानकी येथे बांधलेल्या बंधाऱ्यास १८९५ साली असा अपघात झाला, आणि गंगेवर नरोरा येथील बंधाऱ्याचा भाग १८९८ साली खचला. खानकीच्या कालव्यावर त्या वेळी लायलपूरची नवी वसाहत वसत होती. ओसाड रानात आपले गाव सोडून आलेली कुटुंबे तेथे पहिली पिके काढीत होती. त्या कुटुंबांना पाऊस नव्हता, विहीर नव्हती. जे काही होते ते कालव्याचे पाणी. बंधारा खचणे म्हणजे हजारो चुली थंड होणे, हे तेथील अभियंते जाणून होते. म्हणून रुडकी कॉलेजाचे प्राचार्य कर्नल क्लिबॉर्न यांनी खानकीची वाळू घेऊन तीतून पाणी कसे झिरपते याचे प्रयोग केले. वाळूतून जाणाऱ्या पाण्याचा मूळ नियम फ्रान्समधील द्यिजाँ शहराचे अभियंते हेन्री दार्सी यांनी १८५६ सालीच प्रसिद्ध केला होता. पातळ्यांतील फरक जितका अधिक व वाट जितकी आखूड तितके पाणी अधिक झिरपते, असा तो नियम. या नियमाचा बंधाऱ्यांच्या कामी उपयोग कसा करावा, हा प्रश्न होता.

त्या प्रश्नाचे एक सोपे उत्तर डब्ल्यू. जी. ब्लाय या अभियंत्यांनी दिले व ते त्यांच्या १९१० सालच्या ग्रंथावरून सर्वत्र रूढ झाले. त्यांचे म्हणणे असे की, पाणी फरशीच्या तळास चिकटून सरपटत जाते. मध्ये जमिनीत उतरविलेली उभी पडदी आली तर तिच्या एका अंगाने खाली उतरते व दुसऱ्या अंगाने वर चढते. या साऱ्या वाटेची लांबी मोजावी. पातळ्यांतील फरकाच्या ठराविक पटीइतकी ती असली म्हणजे बंधारा सुरक्षित. हिमालयातील नद्यांच्या बारीक वाळूस ही पट १५ व जाड वाळूस १२ धरावी, असे आकडे त्यांनी दिले. वाट आडवी असो वा उभी, फुटास फूट सारखाच मोजावयाचा. नियम सुटसुटीत असल्याने नकाशे करणाऱ्या कचेऱ्यांतून तो वेदवाक्यासारखा चालू लागला, आणि त्यावर विसंबून लक्षावधी रुपयांची कामे झाली.

खोसलांच्या आयुष्यास वळण देणारी घटना १९२६-२७ साली घडली. अपर चिनाब कालव्याखालून ओढ्यांचे पाणी पलीकडे काढून देणाऱ्या मोठ्या मोऱ्या, ज्यांस सायफन म्हणतात, त्यांपैकी काहींत बिघाड दिसू लागला. या मोऱ्या ब्लायच्या नियमास धरूनच बांधलेल्या होत्या. कागदावर सर्व काही बिनचूक होते, आणि तरीही काम बिघडत होते. अशा वेळी सामान्य मनुष्य चुन्यास वा कंत्राटदारास दोष देऊन मोकळा होतो. खोसला व त्यांचे सहकारी यांनी तसे केले नाही. त्यांनी फरशीतून खाली वाळूपर्यंत ठिकठिकाणी नळ्या उतरविल्या. नळीत पाणी किती उंच चढते ते पाहिले म्हणजे त्या जागी खालून किती दाब आहे हे आपोआप कळते. उपकरण इतके साधे की, कोणत्याही शाळेतील प्रयोगात ते शोभावे. पण त्या नळ्यांनी जे सांगितले ते पुस्तकाशी जुळेना. ब्लायच्या हिशेबाने जेथे जो दाब यावयास हवा होता त्याचा व प्रत्यक्ष दाबाचा मेळच नव्हता.

आमच्या मते येथे खोसलांच्या बुद्धीइतकीच त्यांच्या धैर्याची परीक्षा होती. ब्लायचा नियम वरिष्ठांनी मान्य केलेला, पाठ्यपुस्तकांत शिरलेला, आणि त्यावर उभी असलेली कामे खात्याचीच. तो अपुरा आहे असे म्हणणे म्हणजे आपल्याच खात्याच्या कामांवर प्रश्नचिन्ह लावणे. पण खोसलांनी ते म्हटले, आणि नुसते म्हटले नाही तर कारणासह दाखविले. त्या निरीक्षणांतून चार गोष्टी निघाल्या. पहिली, दोन टोकांच्या उभ्या पडद्यांचे बाहेरील अंग पाण्याचा जोर मोडण्यास फार उपयोगी पडते. त्यांचे आतील अंग व आडवी फरशी त्या मानाने पुष्कळ कमी. दुसरी, मधल्या पडद्या टोकाच्या पडद्यांहून आखूड असल्या तर त्यांचा विशेष लाभ नाही. दाबाची थोडी वाटणी आसपास बदलते इतकेच. तिसरी, पोखरण सुरू होते ती नेहमी खालच्या टोकाशी, पाणी जेथे बाहेर पडते तेथे. आणि चौथी, म्हणून त्या टोकाशी पुरेशी खोल पडदी असलीच पाहिजे. तिच्यावाचून सुरक्षितपणा नाही.

तिसरी गोष्ट आपल्या खेड्यांतील भगिनींस समजावून सांगण्याची गरज नाही. उन्हाळ्यात नदी आटली म्हणजे पात्रातील वाळू उकरून झिरा करतात. झिऱ्याच्या तळाशी जेथून पाणी उसळते तेथे वाळूचे बारीक कण नाचताना दिसतात. खालून येणाऱ्या पाण्याचा जोर कणांच्या वजनाच्या बरोबरीस आला म्हणजे कण तरंगू लागतात, वाळू जणू उकळू लागते. बंधाऱ्याच्या खालच्या टोकाशी हेच घडले तर तो संकटाचा आरंभ होय. पाणी बाहेर पडते त्या जागी, वाळूतील प्रत्येक फुटाच्या वाटेत पाण्याचा जोर किती फुटांनी उतरतो, ते प्रमाण म्हणजे त्या जागेचा दाबाचा उतार. साधारण वाळूच्या बाबतीत हे प्रमाण एकाच्या जवळ गेले की वाळू उकळते. खोसलांनी मात्र इतक्या कडेवर जाण्यास मनाई केली. बारीक वाळूत ते एक-षष्ठांश ते एक-सप्तमांश, जाड वाळूत एक-पंचमांश ते एक-षष्ठांश, आणि गोट्यांच्या भरडीत एक-चतुर्थांश ते एक-पंचमांश याहून अधिक होऊ देऊ नये, असे त्यांनी ठरविले.

निरीक्षण झाले, पण नवीन बंधारा बांधण्यापूर्वीच त्याखालील दाब सांगता यावयाचा तर गणित हवे. वाळूतून पाणी फरशीच्या तळास चिकटून जात नाही. ते कमानीसारख्या वळणांनी खोल जाऊन वर येते. या वळणांचे गणित उच्च प्रतीचे आहे, आणि ते सोडविण्याच्या कामी लाहोरच्या पाटबंधारे संशोधन संस्थेतील डॉ. एन. के. बोस व संस्थेचे संचालक डॉ. मॅकेंझी टेलर यांचा सहभाग होता. वाळूतील पाण्याची व पत्र्यातील विजेची चाल एकाच नियमाने चालते, या तत्त्वाचा आधार घेऊन लहान प्रतिकृतींत वीज सोडून दाबांची मापे काढण्याची युक्तीही तेथे वापरीत. पंजनद येथील बंधाऱ्याखाली नळ्या बसवून प्रत्यक्ष दाब मोजण्यात आले. गणित, प्रतिकृती आणि नळ्या या तिन्ही साक्षी एकमेकींशी जुळल्या, तेव्हाच खोसलांनी आपला सिद्धांत पक्का मानला. १९३६ साली सिमला येथील केंद्रीय पाटबंधारे मंडळाने खोसला, बोस व टेलर या तिघांच्या नावाने हा ग्रंथ आपले बारावे प्रकाशन म्हणून छापला. पाझरत्या पायावरील बंधाऱ्यांची रचना, हा त्याचा विषय. याच सुमारास अमेरिकेत लेन या अभियंत्यांनी दोनशेहून अधिक धरणांचा अभ्यास करून १९३५ साली असा निष्कर्ष काढला होता की, आडव्या वाटेचे मोल उभ्या वाटेच्या एक-तृतीयांशच धरावे. दोन दूर देशांत निरनिराळ्या मार्गांनी गेलेली माणसे एकाच दिशेस आली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तथापि आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने, जो आता अभियंता आहे, खोसलांच्या सूत्राचा एक साधा प्रकार आम्हांस समजावून दिला. तो वर्गमूळ काढता येणाऱ्या कोणासही करता येईल म्हणून येथे देतो. फरशीच्या रुंदीस खालच्या टोकाच्या पडदीच्या खोलीने भागावे. भागाकाराचा वर्ग करून त्यात १ मिळवावा व वर्गमूळ काढावे. त्यात पुन्हा १ मिळवून निम्मे करावे व त्याचे पुन्हा वर्गमूळ काढावे. त्यास ३.१४१६ ने व पडदीच्या खोलीने गुणावे, आणि येणाऱ्या संख्येने पातळ्यांतील फरकास भागावे. जे येईल तो बाहेर पडण्याच्या जागेचा उतार.

समजा, पातळ्यांतील फरक ६ मीटर, फरशी ४० मीटर व पडदी ५ मीटर खोल आहे. उतार सुमारे ०.१८ येतो. बारीक वाळूस एक-षष्ठांश, म्हणजे ०.१६७, ही देखील सीमा ओलांडली. काम धोक्यात आहे. आता फरशी दुप्पट, म्हणजे ८० मीटर केली तर उतार सुमारे ०.१३ होतो. त्याऐवजी फरशी ४० मीटरच ठेवून पडदी ५ ची १० मीटर केली तर तो सुमारे ०.१२ होतो. म्हणजे ४० मीटर जादा फरशीपेक्षा ५ मीटर जादा खोलीने अधिक काम केले. ब्लायच्या हिशेबाने पाहिले तर वाट ६ च्या १५ पट, म्हणजे ९० मीटर हवी. लांब फरशीच्या कामात ती ९० मीटर भरते म्हणून ते उत्तीर्ण. खोल पडदीच्या कामात ६० मीटरच भरते म्हणून ते नापास. याहून नवल असे की, पडदी मुळीच न घालता सरळ ९० मीटर फरशी टाकली तरी ब्लायचा नियम तीस उत्तीर्ण करतो. खोसलांच्या गणिताने मात्र पडदी नसली की त्या टोकाचा उतार अमर्याद होतो, अर्थात तेथील वाळू टिकणार नाही. कागदावर उत्तीर्ण झालेल्या मोऱ्या प्रत्यक्षात का बिघडल्या, याचे इंगित या लहानशा उदाहरणात दिसून येते.

खोसलांचा आणखी एक मोठेपणा असा की, त्यांनी हे अवघड गणित अभियंत्यांस पेलेल असे करून दिले. प्रत्यक्ष बंधाऱ्यास अनेक पडद्या, उतरती फरशी, कमीअधिक जाडी असते; त्याचे एकत्र गणित करणे कठीण. त्यांनी सांगितले की, बंधाऱ्याचे साध्या साध्या भागांत तुकडे पाडावेत, प्रत्येकाचा दाब तयार आलेखावरून काढावा, आणि मग फरशीची जाडी, तिचा उतार व शेजारच्या पडदीचा परिणाम यांसाठी थोडी दुरुस्ती करावी. विद्या आपल्यापाशी कोंडून न ठेवता इतरांच्या हाताला येईल अशी करणे, हे शिक्षकाचे लक्षण आहे, आणि त्या अर्थाने खोसला शिक्षकही होते.

पुढील काळात त्यांचे कार्य पंजाबपुरते राहिले नाही. १९४५ साली हिंदुस्थान सरकारने मध्यवर्ती जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन केला व त्याचे पहिले अध्यक्ष खोसला झाले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि जलविकासाचा हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता, हे महाराष्ट्रीय वाचकांनी आवर्जून स्मरणात ठेवावे. महानदीच्या विकासासाठी ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. आंबेडकरांनी भूषविले, आणि त्या नदीवरील हिराकूड धरणाच्या योजनेस खोसलांनी आकार दिला. ते धरण १३ जानेवारी १९५७ रोजी राष्ट्रास अर्पण झाले.

१९४७ साली देशाची फाळणी झाली. खानकी, पंजनद, अपर चिनाबचा कालवा व लाहोरची संशोधन संस्था, म्हणजे ज्या भूमीवर खोसलांचा सिद्धांत जन्मला ती सारी भूमी पाकिस्तानात गेली. एका मनुष्याच्या उमेदीच्या वर्षांची कर्मभूमी अशी एका रेघेने परकी व्हावी, हे दुःख थोडे नव्हे. पण सिद्धांतास सीमा नसते. तो सीमेच्या दोन्ही अंगांस उपयोगी पडत राहिला. इकडे भाक्रा धरणाचे काम निकडीचे झाले. तरुणपणी ज्या दरीची त्यांनी पाहणी केली होती तेथे सुमारे २२६ मीटर उंचीची भिंत उभी राहिली व २२ ऑक्टोबर १९६३ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंनी ती राष्ट्रास अर्पण केली. हाती घेतलेले काम पुरे झालेले पाहण्याचे भाग्य फार थोड्यांस लाभते; खोसलांस ते लाभले.

१९५४ ते १९५९ या काळात ते रुडकी विद्यापीठाचे कुलगुरू होते. ज्या संस्थेत विद्यार्थी म्हणून आले तिचेच ते प्रमुख झाले. आशिया व आफ्रिका खंडांतील देशांच्या अभियंत्यांस जलविकासाचे शिक्षण मिळावे म्हणून तेथे १९५५ साली स्वतंत्र केंद्र निघाले, ते त्यांच्याच कारकीर्दीत. त्यानंतर ते नियोजन मंडळाचे सदस्य झाले, आणि १९६२ ते १९६८ या काळात ओरिसाचे, म्हणजे आताच्या ओडिशाचे, राज्यपाल होते. ज्या राज्याच्या महानदीस त्यांनी बांध घालण्याचे योजिले, त्याच राज्याच्या प्रमुखपदी ते विराजमान झाले. भारत सरकारने त्यांस १९५४ साली पद्मभूषण व १९७७ साली पद्मविभूषण या पदव्यांनी गौरविले.

आपल्या राज्याशी त्यांचा संबंध नर्मदेच्या निमित्ताने आला. नर्मदेच्या पाण्याविषयी राज्याराज्यांत एकमत होईना, तेव्हा १९६४ साली खोसलांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिने १९६५ साली नवागाम येथे उंच धरणाची शिफारस केली. मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांस ती मान्य झाली नाही. प्रकरण १९६९ साली नेमलेल्या लवादाकडे गेले व त्याचा निवाडा १९७९ साली लागला. चरित्र लिहिताना ही बाजू झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. त्याचप्रमाणे हिराकूडच्या जलाशयाने लाखावर माणसांस घरदार सोडावयास लावले, हेही विसरता येत नाही. कोयनेचे पाणी चढताना ज्यांनी आपल्या वाड्या सोडल्या त्यांची घरे आपल्या ओळखीत आहेत, म्हणून हे दुःख आपणांस सांगावे लागत नाही. फरशीखालचा प्रत्येक बिंदू मोजणाऱ्या त्या पिढीने पाण्याखाली जाणाऱ्या घरांचा हिशेब तितक्या बारकाईने ठेविला असता तर फार बरे झाले असते, असे आम्हांस वाटते.

१९८४ साली डॉ. खोसला निवर्तले. त्यानंतर गणकयंत्रे आली. वाळूत मधूनच मातीचा थर असला, खोली मर्यादित असली, वा थर वाकडेतिकडे असले तर खोसलांचे मूळ गणित अपुरे पडते, कारण त्यांनी वाळू सर्वत्र सारखी व खूप खोल धरली होती. असे गुंतागुंतीचे हिशेब आता यंत्राने होतात. तरी देखील वाळूवरील बंधाऱ्याची पहिली आखणी आजही त्यांच्याच रीतीने होते, आणि स्थापत्याचे विद्यार्थी त्यांचे आलेख आजही अभ्यासतात. स्वतःच्या पुस्तकालाही कोणी वेदवाक्य मानू नये, हे त्यांच्याच उदाहरणावरून आपण शिकावयाचे आहे.

शेवटी थोडे आपल्याविषयी. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले व खालच्या वाडीतील अनेक माणसे प्राणास मुकली. धरणास गळती असल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधी केली होती. ते धरण मातीचे होते, वाळूवरील बंधारा नव्हे, हे आम्ही जाणतो. पण धडा तोच आहे. पाणी कोठून बाहेर पडते, स्वच्छ पडते की गढूळ, थोडे पडते की वाढत चालले आहे, हे वेळीच पाहावे लागते. गढूळ पाझर म्हणजे आतील माती वाहून जात असल्याची खूण होय. ज्यांची शेते व घरे धरणाच्या खाली आहेत त्या आपल्या ज्ञातिबांधवांनी ही खूण ओळखावी, दिसताच लेखी कळवावी, आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये.

आणि आपल्या ज्ञातीतील जे तरुण-तरुणी या विद्येत शिरत आहेत, त्यांनी खोसलांच्या त्या साध्या नळ्यांचे स्मरण ठेवावे. सूत्र पाठ करावे, परंतु काम हाती आले म्हणजे पाण्याची पातळी स्वतः जाऊन पाहावी. वरिष्ठांचा मान राखावा, परंतु मापे वेगळी निघाली तर ती दडवू नयेत. त्यांच्या आकड्यांच्या खालच्या अंगास कोणाची तरी वाडी वसलेली असते, एवढे त्यांनी ध्यानात ठेविले तरी हे चरित्र लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू. इतके सांगून लेखणी आवरतो.